सुरक्षितता आणि आभार: कामाच्या जागेवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर, मशीनवर उभे राहणारे आणि मधूनच एखादा वैतागलेला मॅनेजर, अशा सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे हे प्रश्न. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलंय. जिथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. आभार मानून अपघात कसा टळेल? अपघात तर यंत्रामुळे होतात.

सरळ टळत नाही. फिरत्या शाफ्टवर गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, नसेल, तर कुणी कुणाचे कितीही आभार माना, बाही अडकायची ती अडकणारच. आभाराचं काम त्याच्या आधी असतं. गार्डचा बोल्ट सैल झालाय हे बहुतेक वेळा कुणाला तरी आधी दिसलेलं असतं. त्याने ते सांगितलं का, इथे सगळं अडतं. सांगायचं तर हातातलं काम सोडा, सुपरवायझरला शोधा, टार्गेट चुकवा आणि वर ‘झाली याची सुरुवात’ असे चेहरे बघा. गप्प बसायला काहीच खर्च येत नाही. म्हणून पारडं रोज गप्प बसण्याकडे झुकतं. बातमी आणणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात काय ऐकायला मिळतं, यावर तो पुढच्या वेळी येईल की नाही हे ठरतं.

२. ‘सुरक्षा संस्कृती’ म्हणजे नेमकं काय? पोस्टर, शपथ, सप्ताह?

१९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अहवालांमधून हा शब्द रूढ झाला. पुढे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९७ मध्ये त्याची फोड केली. लोक धोके आणि चुका कळवतात का, कळवणाऱ्याला न्याय मिळतो का, त्यातून संस्था काही शिकते का, हे त्यातले कळीचे भाग. पोस्टर यात कुठेच नाही. माझी व्याख्या याहून साधी आहे: रात्रपाळीत, साहेब नसताना, घाई असताना लोक जे करतात ती तुमची संस्कृती.

३. आभार कशाकशाचे मानायचे? रोज हेल्मेट घालतो त्याचेही?

नाही. हेल्मेट घालणं हा कामाचा भाग आहे. त्याचे रोज आभार मानले तर तो जणू कंपनीवर उपकार करतोय असं वाटू लागतं. नवा माणूस पहिल्या आठवड्यात न सांगता हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) लावतो, तेव्हा दोन शब्द बोला आणि तिथेच थांबा.

आभार मानायचे ते ज्या गोष्टीसाठी माणसाला काहीतरी मोजावं लागलं तिचे. चालू काम थांबवणं. ‘व्हॉल्व्ह मीच उघडा ठेवला होता’ असं कुणी न विचारता कबूल करणं. आपल्याहून दहा वर्षं सीनियर माणसाला ‘थांबा, लॉक लावलेलं नाही’ म्हणणं (लॉक म्हणजे दुरुस्ती चालू असताना कुणी यंत्र सुरू करू नये म्हणून लावायचं कुलूप). पाळी बदलताना, घरी जायची घाई असूनही, अर्धवट राहिलेलं काम पुढच्या माणसाला नीट समजावून देणं. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. तिच्यात नाट्य नसतं आणि ती करणारा दिसायच्या आत गेटबाहेर पडलेला असतो.

थोडक्यात, सुपरवायझरला जी बातमी नकोशी वाटते, तीच आभाराला जास्त पात्र असते.

४. नेमकं बोलायचं काय? ‘धन्यवाद’ म्हणताना भाषण केल्यासारखं वाटतं.

वाटणारच. मराठीत ‘धन्यवाद’ आणि ‘आभार’ हे शब्द सभेच्या शेवटी, माईकसमोर बोलले जातात. जवळची माणसं ते एकमेकांना सहसा म्हणत नाहीत. पण आभार मानायला आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही. ‘बरं झालं सांगितलंस’, ‘वाचवलंस आज’, ‘तू होतास म्हणून’ हे सगळे आभारच. तेच वापरा.

शाबासकी आणि आभार यांत मात्र फरक करा. शाबासकी वरून खाली येते आणि देणारा वरच्या पायरीवरच राहतो. आभार मानताना मान थोडी झुकवावी लागते, कारण ‘तुझ्यामुळे माझं काहीतरी वाचलं’ हे कबूल करावं लागतं. सुरक्षिततेच्या बाबतीत ही कबुली खरीच असते. तो बोल्ट दिसला नसता तर चौकशीत सुपरवायझरही उभा असता.

बोलताना तीन गोष्टी आल्या की पुरे: त्याने काय केलं, त्याने काय टळलं, आता काय होणार. उदाहरणार्थ: ‘हॉर्न वाजत नाही म्हणून तू काल रात्री फोर्कलिफ्ट बाजूला लावलीस. त्या वळणावर सकाळपासून माणसांची ये-जा आहे. हॉर्न आठ वाजता बदलला.’ यात ‘धन्यवाद’ कुठेच नाही आणि ऐकणाऱ्याला ते जाणवणारही नाही. ‘सर्वांनी छान काम केलं’ या वाक्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. सर्वांचे मानलेले आभार कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

५. याला काही पुरावा आहे, की नुसत्या गोड गोष्टी?

आहे, पण तो कशाचा आहे हे नीट पाहिलं पाहिजे.

अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जीनो यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना संचालकांनी येऊन भेटून, तुमच्या कष्टांबद्दल ऋणी आहे असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे फोन ५० टक्क्यांहून अधिक वाढले. बाकीच्यांचे होते तेवढेच राहिले. ऋण मानलं की माणसाला आपली गरज आहे असं वाटतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

डेव्हिड डेस्टेनो आणि सहकाऱ्यांचं २०१४ मधलं काम मला सुरक्षिततेच्या जास्त जवळचं वाटतं. कृतज्ञतेची भावना जागी असलेले लोक आत्ता मिळणाऱ्या थोड्या पैशांपेक्षा नंतर मिळणाऱ्या जास्त पैशांसाठी थांबायला अधिक तयार होते. शॉर्टकट म्हणजे तरी काय? दहा मिनिटं आत्ता वाचवायची आणि बोटं पुढे कधीतरी गमवायची. अधीरपणाच तो.

आणि अमित कुमार व निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र लिहिणारे वाचणाऱ्याच्या आनंदाचा अंदाज कमी करतात आणि त्याला वाटणाऱ्या अवघडलेपणाचा जास्त. म्हणजे ‘कसंतरी वाटेल’ ही भीती बहुतेक बोलणाऱ्याच्याच मनात असते.

या प्रयोगांत भट्टी नव्हती, क्रेन नव्हती. ते माणूस कसा वागतो हे सांगतात, अपघातांचे आकडे सांगत नाहीत. म्हणून ‘आभार मोहीम राबवा, अपघात इतके टक्के घटतील’ असं विकायला कुणी आलं, तर चहा पाजून परत पाठवा.

६. आम्ही आभार मानायला लागलो आणि निअर मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, रिपोर्ट वाढले. वरचे म्हणतात, सुरक्षितता बिघडली. काय सांगू?

सांगा की घटना होत्या तेवढ्याच असतील, आता त्या दिसायला लागल्या आहेत.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच: चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त. कारण त्या गटांत चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९९९ च्या लेखातून त्यांनी मांडलेली ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना पुढे जगभर गेली.

वरच्यांना पटवायचं तर रिपोर्टचा आकडा एकटा पाठवू नका. शेजारी दोन रकाने जोडा: त्यातले किती धोके दूर झाले आणि किती दिवसांत. रिपोर्ट वाढताहेत आणि दुसरा रकाना रिकामाच आहे, तर मात्र वरच्यांची काळजी बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. (काय मोजावं यासाठी प्रश्न १५.)

७. चारचौघांत आभार मानावेत की बाजूला घेऊन?

त्यालाच विचारा. काहींना टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, नाव घेतलेलं आवडतं, काहींना त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ‘साहेबांचा माणूस’ म्हणून चिडवलं जातं. ज्याने सहकाऱ्याची चूक कळवली त्याचं नाव परवानगीशिवाय कधीही घेऊ नका. धोका सांगा, नाव गाळा, आणि त्याला नंतर वेगळं भेटा.

८. नुसत्या शब्दांनी काय होतं? बक्षीस ठेवलं तर?

छोटी भेट चालेल. दर मात्र ठरवू नका. ‘दर रिपोर्टला एवढे’ असं जाहीर झालं की महिनाअखेरीला पायऱ्यांवरच्या धुळीचे रिपोर्ट येऊ लागतात. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली, हा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठी माणसं याला अपवाद असतील असं मला वाटत नाही.

त्याहून घातक म्हणजे ‘अपघात नाही, तर सगळ्यांना बोनस’. त्यात कापलेलं बोट रुमालात गुंडाळून लपवणारा माणूस चांगला सहकारी ठरतो आणि दवाखान्यात जाणारा सगळ्यांचा बोनस घालवणारा. अमेरिकेतल्या ओशा या सरकारी यंत्रणेने २०१६ च्या नियमांपासून अशा योजनांबाबत सावध केलं. जखम कळवली म्हणून फायदा काढून घेणं हा सूड ठरू शकतो, असा त्याचा रोख होता. २०१८ मध्ये तिनेच स्पष्ट केलं की निअर मिस आणि धोके कळवण्याला उत्तेजन देणाऱ्या योजना चालतात.

मला विचाराल तर उत्तम भेट एकच. ज्याने गळती दाखवली त्याला दुरुस्तीच्या वेळी बोलवा आणि ‘झालं का मनासारखं?’ असं विचारा.

९. ‘अपघाताविना इतके दिवस’ हा फलक आम्ही साजरा करतो. त्यात काय चुकलं?

फलक राहू द्या, पण त्याला संस्कृतीचं मोजमाप समजू नका. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या तरंगत्या तळावर कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आले होते. कुणाचा कामाचा दिवस बुडवणाऱ्या अपघाताशिवाय सात वर्षं काढल्याबद्दल कर्मचाऱ्यांचं कौतुक करणं हाही त्या भेटीचा एक हेतू होता. त्याच रात्री विहिरीतून वायू उसळला, स्फोट झाला आणि ११ जण गेले. घसरून पडणं, बोट चेमटणं यांचा हिशोब चोख होता. विहिरीतला दाब त्या हिशोबात बसत नव्हता.

कौतुक निकालाचं केलं की नशिबाचंही होतं. ‘या महिन्यात कुणी काय थांबवलं’ याचं करा.

१०. ज्याच्या चुकीमुळे प्रसंग ओढवला त्यानेच येऊन सांगितलं. आभार मानू की मेमो देऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे पाय घसरतो तो दोन्ही बाजूंना.

सांगणं आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या वेळी द्या. सांगितल्याबद्दल आभार लगेच, बिनशर्त. ‘बरं झालं सांगितलंस, पण...’ यातला ‘पण’ त्या दिवशी गिळा. चुकीचं काय करायचं ते नंतर, माहिती गोळा झाल्यावर. नजरचूक असेल तर काम असं बदला की ती चूक करणंच अवघड जाईल. सगळेच तसं करत असतील, तर एकट्याला धरू नका. प्रश्न पद्धतीचा आहे. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला असेल, दारू पिऊन क्रेन चालवली असेल, तर सांगितलं म्हणून कारवाई टळत नाही.

ही वाटणी विमान वाहतुकीत खूप आधी झाली. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिक, हवाई नियंत्रक आणि इतरांकडून गोपनीय रिपोर्ट घेते. विमानांना परवाने देणारी आणि दंड करणारी यंत्रणा वेगळी, ऐकणारी वेगळी. हेतू नसताना घडलेलं उल्लंघन १० दिवसांत कळवलं, तर ठरलेल्या अटींत दंड माफ होतो. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात या सवलतीत येत नाहीत. रिपोर्टवरची ओळख पटवणारी पट्टी काढून कळवणाऱ्याला परत पाठवली जाते.

अमेरिकी नौदलाच्या एका विमानवाहू जहाजावरची गोष्टही सुरक्षिततेच्या वर्तुळात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. डेकवर आपलं कामाचं अवजार हरवल्याचं एका खलाशाने स्वतःहून सांगितलं. हवेतली विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवावी लागली आणि अख्खा डेक धुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच डेकवर समारंभ करून त्याचं कौतुक झालं. एक सुटं अवजार विमानाच्या इंजिनात गेलं तर काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

११. एकाने उत्पादनाची लाइन थांबवली. नंतर कळलं, धोका नव्हताच. तरी आभार?

हो, आणि आवाजात तेवढाच जोर हवा. त्याला थांबवताना जेवढं दिसत होतं तेवढ्यावरून त्याने ठरवलं. निकालावरून आभार मानलेत तर पुढच्या वेळी तो खात्री होईपर्यंत वाट बघेल, आणि गॅसच्या बाबतीत खात्री फार उशिरा होते. टोयोटाच्या कारखान्यांत अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो आणि टीम लीडर त्याच्याकडे येतो. दोरी उगाच ओढली गेली तरी यावंच लागतं, त्याशिवाय ती व्यवस्था चालत नाही.

याला हक्काची बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराचं १३ वं कलम सांगतं की गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं मानायला वाजवी कारण असताना जो कामगार तिथून बाजूला झाला, त्याला त्याबद्दल भोगावं लागता कामा नये. म्हणजे आभार हे वरचं झालं. शिक्षा न होणं हा पाया.

१२. तोच माणूस रोज काहीतरी घेऊन येतो. किती वेळा आभार मानायचे?

आधी त्याचे मागचे दहा रिपोर्ट काढा. बऱ्याचदा त्यातले सहा-सात अजून जिथल्या तिथे असतात आणि तो रोज येतो त्याचं कारण तेच असतं. खरंच किरकोळ असतील तर त्याला पाहणीला सोबत न्या, मोठा धोका कसा ओळखायचा ते दाखवा. अशा माणसाची नजर तयार झाली की सोन्यासारखी असते. ‘आला परत’ हे शब्द मात्र त्याच्या माघारीही नकोत. ते ऐकून बाकीचे गप्प होतात.

१३. कंत्राटी कामगारांचं काय? ते आमचे नाहीत.

धोक्याला ते माहीत नसतं. उंचीवरचं, टाकीतलं, सफाईचं काम पुष्कळदा त्यांच्याकडेच असतं, म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. आणि सगळ्यात उशिरा तेच बोलतात, कारण उद्या बोलावतील की नाही याची शाश्वती नसते. त्यांच्यातल्या कुणी काही दाखवलं तर कंत्राटदारासमोर त्याचा उल्लेख करण्याआधी त्याला विचारा (प्रश्न ७). त्याची हजेरी त्या कारणाने कमी झाली नाही ना, हे महिनाभराने स्वतः पाहा.

१४. मशीनचा गार्ड तीन महिने तुटलेला आहे आणि आम्हाला कृतज्ञतेचं प्रशिक्षण दिलं. चिडू नये का?

चिडा. धोका काढून टाका, नाही जमलं तर पर्याय वापरा, नाही तर यांत्रिक अडसर घाला, मग नियम आणि प्रशिक्षण, शेवटी हेल्मेट-हातमोजे, असा सुरक्षिततेच्या उपायांचा मान्य क्रम आहे. आभार यांपैकी कशाचीही जागा घेत नाहीत. तुम्ही नोकरी दिल्याबद्दल कृतज्ञ राहावं आणि गार्डबद्दल बोलू नये, असा त्या प्रशिक्षणाचा सूर असेल तर ती तोंड बंद करायची सभ्य पद्धत आहे. गार्डची मागणी लेखी द्या, तारीख घाला, सुरक्षा समिती असेल तर तिथे मांडा.

खालून वर आभार मानण्यालाही जागा आहे. उत्पादन अडलं असताना जो सुपरवायझर तुमच्या बाजूने उभा राहिला, त्याला ते बोलून दाखवा. त्यालाही वरून बोलणी बसलेली असतात. रात्री दोनला येऊन सेन्सर बदलणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाला तर कुणीच काही म्हणत नाही.

१५. हे सगळं मोजायचं कसं?

आभार मोजू नका. ‘आठवड्याला पाच आभार’ असं लक्ष्य ठेवलेलं मी पाहिलंय. शुक्रवारी दुपारी सुपरवायझर वही घेऊन माणसं शोधत फिरायचा. मोजा ते याचे परिणाम: धोका कळवल्यापासून उत्तर जाईपर्यंत किती तास, दुरुस्तीला किती दिवस, स्वतःहून नाव लिहिणारे किती, स्वतःची चूक कळवणारे किती, रात्रपाळीतून आणि कंत्राटी माणसांकडून किती. निनावी रिपोर्टचं प्रमाण घटत असेल तर भीती ओसरते आहे असं समजायला हरकत नाही.

१६. एकाने जिवावर उदार होऊन टाकीत उतरून सहकाऱ्याला बाहेर काढलं. सत्कार करावा ना?

त्याच्या धैर्यापुढे मान झुकतेच, आणि तरी हात आखडता घ्या. बंदिस्त जागेत पहिला माणूस ज्या वायूने कोसळतो, तोच दुसऱ्याला गाठतो. अशा जागांमधल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक वाचवायला गेलेल्यांचे असतात, असा इशारा अमेरिकेतल्या निओश या संशोधन संस्थेने १९८६ मध्ये दिला होता. हारतुरे घालून सत्कार केलात तर पुढचा कुणीतरी विनामास्क उडी घेईल. त्याला एकट्याला भेटून मनापासून आभार माना. सगळ्यांसमोर मात्र हे सांगा की त्याला उडी घ्यावी लागली ही आपली चूक, बाहेर माणूस, वायुमापक आणि दोर असायला हवे होते. सत्कार करायचाच तर ज्याने आदल्या महिन्यात परमिट (आत उतरायची लेखी परवानगी) नाही म्हणून टाकीत उतरायला नकार दिला, त्याचा करा.

१७. अपघात झाला, सहकारी गेला. नंतर कळलं की एकाने हा धोका दोन महिन्यांपूर्वी कळवला होता. आम्ही त्याचे आभारही मानले होते, पण केलं काही नाही. आता त्याच्याशी काय बोलू?

‘तू सांगितलं होतंस. आम्ही केलं नाही.’ एवढंच, आणि हे वाक्य वकिलाला विचारून मऊ करू नका. आभार आता पुन्हा मानू नका. तेव्हाचे आभार त्याला या घडीला झाकणासारखे वाटत असणार, आणि ते तसे होतेही. ‘अजून जोर लावायला हवा होता’ हे ओझं तो घरी घेऊन जातोय, हे लक्षात ठेवा. त्याला सुट्टी द्या, बोलायला माणूस द्या, आणि चौकशीत त्याला आरोपीसारखं बसवू नका. त्याने कळवल्याची तारीख आणि त्याने वापरलेले शब्द अहवालात जसेच्या तसे येऊ द्या, आणि वर पाठवण्याआधी तो अहवाल त्याला वाचायला द्या.